शाल-श्रीफळाआधी पीएफचं पासबुक बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाचे फोटो आपल्या अंकात पाहिले. व्यासपीठ, मागे फ्लेक्स, शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि खाली ओळ, ‘दिव्यांगांना रोजगार देणाऱ्या उद्योजकांचा सत्कार’. सत्कार झाला याचा मला मनापासून आनंद आहे. असं काम कुणी बघतंय, त्याची दखल घेतंय, ही लहान गोष्ट नाही. पण ज्यांना रोजगार दिला ती माणसं मी फोटोत शोधत होतो. अगदी कडेला तिघं उभे दिसले. अंगात कंपनीचे कोरे टी-शर्ट, घडीच्या रेघासुद्धा गेलेल्या नाहीत. ही मुलं किती दिवसांपासून कामावर आहेत, ते बातमीत कुठेच नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

मी कोण, ते आधी सांगतो. सातपूर एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर साच्यात (डायमध्ये) पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या कारखान्यात, मी ३५ वर्षं काढली. १९८७ साली हेल्पर म्हणून लागलो, १९९५ पासून सुपरवायझर होतो, २०२२ मध्ये निवृत्त झालो. कारखाना साठ-पासष्ट कामगारांचा. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर असा माल. मी बाहेर पडलो तेव्हा आमच्यात नऊ जण दिव्यांग होते. सहा कर्णबधिर, दोघांना पोलिओ आणि स्टोअरला एक जण, ज्याचा डावा हात मनगटापासून नाही. आमच्या शेठना कधी कुठला पुरस्कार मिळाला नाही. त्यांनी अर्जही कधी केला नाही. मी हे पत्र त्यांच्यासाठी मागणी म्हणून लिहीत नाही, म्हणूनच त्यांचं आणि माझं नाव यात घालत नाही. पुरस्कार कसा द्यावा याबद्दल शॉप फ्लोअरवरच्या माणसाला काही कळतं, ते सांगावंसं वाटतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. १९९८ च्या पावसाळ्यात मूकबधिर शाळेतल्या एक बाई एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या गेटवर आल्या. बरोबर त्याची आई, सिन्नरकडची, डोक्यावरून पदर घेतलेली. मी बाईंना सांगितलं, “हे प्रेस शॉप आहे. इथे सगळं काम कानावर चालतं. डायचा आवाज बदलला की माणसाला कळलं पाहिजे, कुणी ओरडलं तर थांबता आलं पाहिजे. हात गेला तर जबाबदार कोण?” बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “साहेब, आत आल्यापासून तुम्ही काय बोलताय ते मला निम्मं ऐकू येत नाहीये. तुमच्या कामगारांना येतं का?” शेठ दारात उभे होते. ते म्हणाले, “ठेवून बघ रे.”

मी ठेवलं, पण पॅकिंगला. वॉशर मोजायचे, पिशवीत भरायचे, खोके चिकटवायचे. चौदा महिने त्याला मी प्रेसच्या आसपास फिरकू दिलं नाही. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, मला त्याची काळजीच होती. पण त्या काळजीने त्याचं सव्वा वर्ष वाया गेलं, आणि पॅकिंगचा पगार व ऑपरेटरचा पगार यातला फरक त्याच्या आईने सोसला. आज जेव्हा कुणी सांगतं की आम्ही दहा दिव्यांग घेतले, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारतो, त्यांना कुठल्या कामावर ठेवलंय? दहाच्या दहा पॅकिंगला असतील तर तिथे माझ्यासारखाच कुणी सुपरवायझर बसलेला आहे, हे मी न बघता सांगतो.

ते कसं सुटलं तेही सांगतो. एका सेकंड शिफ्टला पन्नास टनी प्रेसवर ब्लँकिंग, म्हणजे पत्र्यातून तुकडे कापणं, चालू होतं. पोरगा पॅकिंगच्या टेबलावरून उठून माझ्याकडे आला आणि माझी बाही ओढली. हातात एक ब्रॅकेट होतं. त्याने ते ट्यूबलाइटकडे धरून तिरपं केलं आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवून दाखवलं. एका कोपऱ्यात बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत कड, आली होती. केसाएवढी, डोळ्याला दिसेल न दिसेल अशी. मी प्रेस थांबवली, डाय उघडली. पत्रा कापणाऱ्या पंचचा कोपरा तुटला होता. प्रेसवर आमचा बारा वर्षांचा जुना ऑपरेटर होता, त्याचे कान शाबूत होते, त्याला आवाजातला फरक कळला नव्हता. या मुलाला पिशवी भरता भरता बोटांना कळला. तो माल तसाच गेला असता तर सगळी लॉट परत आली असती.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रेसवर बसला. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येत नाही, ती प्रेस त्याला दिली. ती सोय खरं तर ऐकू येणाऱ्यांच्या हातांसाठीही तेवढीच गरजेची होती, आम्हीच आळस केला होता. बझरला समांतर एक पिवळा दिवा जोडला. समोरच्या खांबावर, एसटीच्या वळणावर असतो तसा फुगीर आरसा लावला, म्हणजे पाठीमागून ट्रॉली किंवा माणूस आला तर त्याला दिसावं. सगळा खर्च तीन हजारांच्या आत. पुढे मी बघत आलो, तो मशीन चालू असताना डाव्या हाताचा तळवा अधूनमधून बेडच्या कडेला टेकवायचा. डाय बोथट व्हायला लागली की कंप बदलतो, तो त्याला तळहातात कळायचा. दोन वर्षांत तो सेटर, म्हणजे मशीनवर डाय बसवून देणारा कारागीर, झाला. आज त्याच्या हाताखाली चार जण आहेत, त्यातले दोघं ऐकू येणारे.

भाषेचं काय, असं सगळे विचारतात. भाषा आम्ही तिथेच तयार केली. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना २०१५ ची, त्यांचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ मध्ये आला. आमच्या वेळी असलं काही हाताशी नव्हतं. शाळेतल्या बाईंनी सुरुवातीला चार शनिवार येऊन शिकवलं, बाकीचं पोरांनीच बसवलं. अंगठ्याचं नख तर्जनीच्या टोकावरून ओढलं की बर. तळहातावर दोन बोटांची फुली म्हणजे रिजेक्ट. उघडा तळवा उलटा केला की मटेरियल संपलं. कॉलर नीट केल्याची खूण म्हणजे कस्टमरचा माणूस आलाय, नीट राहा. माणसांची नावंही खुणांनीच. माझ्या कानावर कायम पेन्सिल असायची, म्हणून कानावर बोट ठेवलं की मी. शेठ म्हणजे चष्मा वर सरकवणं. गंमत अशी की सहा महिन्यांत सगळा शॉप या खुणा करायला लागला. दहा प्रेस एकदम चालू असताना तीस फुटांवरच्या माणसाला काही सांगायचं तर घसा फोडावा लागायचा. आता हात वर केला की काम भागायचं. मी या खुणा एका वहीत चित्रं काढून लिहून ठेवल्या. चौसष्ट भरल्या.

दुसरी गोष्ट लिहिताना आजही जड जातं. इन्स्पेक्शनला आमच्याकडे एक ताई लागल्या. एका पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या), काखेत कुबडी. काम इतकं नीट की गो-नोगो गेजवर, म्हणजे माप बसतं की नाही ते दाखवणाऱ्या मापकावर, त्यांनी तपासलेला माल कधी परत आला नाही. मी त्यांच्यासाठी टेबल कमी उंचीचं करून घेतलं, पाठीला टेकू असलेली खुर्ची दिली, आणि मनात म्हटलं, झालं, आपण सोय केली. आठ महिन्यांनी त्या आजारी पडल्या. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला आणि कागदावर लिहून दिलं, पाणी भरपूर प्यावे. कामावर परतल्यावर मी विचारपूस केली तर त्या काही बोलेनात. पॅकिंगच्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, ती दिवसभर पाणीच पीत नाही. संडास खाली बसायचा आहे. तिला बसता येत नाही. जावं लागू नये म्हणून पीत नाही.”

आठ महिने. रोज आठ-साडेआठ तास. मी तिथून वीस पावलांवर बसत होतो.

कमोड बसवला, भिंतीला दोन्ही बाजूंना पाइपच्या मुठी ठोकल्या, उंबरठा फोडून उतार केला. एका रविवारी काम संपलं. खर्च सहा हजार आणि काही शे. पैशाची अडचण कधी नव्हतीच. विचारलं नाही, हीच अडचण होती. मला सांगा, पुरस्काराच्या कुठल्या अर्जात ‘तुमच्या दिव्यांग कामगाराला लघवीला जाता येतं का’ असा रकाना आहे? असावा. आणि उत्तर मालकाने भरू नये.

हे सगळं करताना आम्हाला कायदा माहीत नव्हता. आधी १९९५ चा होता, त्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव. खासगी मालकांना मात्र सक्ती नाही. त्यांच्याकडे निदान पाच टक्के दिव्यांग कामगार असावेत म्हणून सरकारांनी त्यांना प्रोत्साहन द्यावं, असं कलम ३५ सांगतं. प्रत्येक आस्थापनाने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची, हेही कायद्यात आहे. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, २०२२ च्या डिसेंबरात मंत्रालयात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. मी निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या ओळखीच्या चौदा-पंधरा शॉपमध्ये सहज विचारून बघितलं. त्या धोरणाचं नाव एकानेही ऐकलेलं नव्हतं.

प्रोत्साहनाची एक योजनाही होती. १ एप्रिल २००८ पासून केंद्राने ठरवलं की महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेला दिव्यांग कामगार घेतला, तर पीएफ आणि ईएसआयमधला मालकाचा हिस्सा पहिली तीन वर्षं सरकार भरेल. योजना चांगली होती. आमच्या अकाउंटंटला ती तीन वर्षांनी कळली, तीही मुंबईच्या एका नातेवाइकाकडून. लहान शॉपमध्ये अकाउंटंट आठवड्यातून दोनदा येतो, त्याला जीएसटी आणि पगारपत्रकातून मान वर काढायला वेळ नसतो. असली माहिती त्याच्यापर्यंत पोचवायची असेल तर निमा आणि आयमा या आमच्याकडच्या उद्योजकांच्या संघटनांच्या दारातून आणायला हवी. सरकारी संकेतस्थळावर ती पडून राहते.

आता पुरस्काराकडे येतो. दिव्यांग सक्षमीकरणाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत नोकरी देणाऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे. होसूरच्या टायटनच्या घड्याळ कारखान्यात, लेमन ट्रीच्या हॉटेलांत दिव्यांग माणसं वर्षानुवर्षं काम करतात, मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने कर्णबधिर मुलांच्या जोरावर कुरिअरचा धंदा उभा केला. यांची नावं व्हायलाच हवीत, त्यामुळे दुसऱ्यांना धीर येतो. महाराष्ट्राला तर हे नवीन नाही. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्या कुष्ठरुग्णांच्या हातांत माग आणि नांगर दिले. आनंदवनाची चादर आमच्या घरात पंधरा वर्षं टिकली, आणि ती टिकली कारण विणणाऱ्याचं काम पक्कं होतं, म्हणून तिचं नाव काढतो. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ने सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम दिव्यांगांच्या हाती दिलं. ही मोठी माणसं. पण २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यात महाराष्ट्रातले साडेएकोणतीस लाखांवर. एवढ्यांना थोर माणसं आणि नामांकित कंपन्या पुरणार नाहीत. त्यांना काम मिळालं तर ते सातपूर, अंबड, भोसरी, शिरोली, चिकलठाणा इथल्या वीस-तीस-साठ माणसांच्या शॉपमध्ये मिळेल. आणि या शॉपचा मालक पुरस्काराचा अर्ज भरत नाही. त्याच्याकडे इंग्रजीत अर्ज लिहिणारा एचआर नाही, व्हिडिओ बनवणारा नाही.

अर्ज भरणारे कोण असतात ते एकदा जवळून पाहिलं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने, तिचं नाव घेत नाही, बारा कर्णबधिर मुलांना एकदम कामावर घेतलं. गाजावाजा झाला, पाहुणे आले, मुलांच्या हातात फुलं देऊन फोटो काढले. मुलं कंत्राटदाराच्या हजेरीवर होती. अकरा महिन्यांनी कंत्राट संपलं आणि बाराही जण घरी. त्यातले दोघं आमच्याकडे आले. एकाने मुलाखतीला येताना प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये वर्तमानपत्रातलं ते कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं. माझ्यापुढे ठेवलं, फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं आणि मग दोन्ही हात झटकून मोकळे केले. ती खूण आमच्या वहीत नव्हती, तरी कळली.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. पुरस्कार नोकरी दिली म्हणून देऊ नका, टिकवली म्हणून द्या. आणि टिकवली की नाही हे बघायला समिती, सादरीकरण, काही लागत नाही. पीएफचं पासबुक बघा. प्रत्येक कामगाराचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा नंबर, असतो, पासबुक मोबाइलवर निघतं. त्यात मालक कोण, कामाला कधी लागला, दर महिन्याला किती पैसे पडले, मधे खंड आहे का, पगार वाढला का, सगळं एका नजरेत दिसतं. कंत्राटदार बदलत गेले की तेही दिसतं. आमच्या त्या पहिल्या मुलाचं बघा. नाव एकाच कारखान्याचं, आकडे हळूहळू चढत गेलेले. २००८ च्या अखेरीस गाड्यांचे ऑर्डर बसले, तेव्हा पीएफच्या जुन्या हिशोबात चार-पाच महिने आकडा खाली आलेला दिसेल, पण शून्य कुठेच नाही. त्या वेळी इतर शॉपनी शेवटी आलेल्यांना आधी काढलं, आणि शेवटी आलेले बहुतेक ठिकाणी दिव्यांगच होते. आमच्या शेठनी सगळ्यांना आठवड्याला चार दिवस काम दिलं, स्वतःची गाडी विकली, माणूस एकही कमी केला नाही. याचा फोटो कुणी काढलेला नाही. पीएफच्या हिशोबात मात्र आहे.

२०२० चंही सांगतो. लॉकडाऊननंतर शॉप उघडलं आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. आमच्या कर्णबधिर मुलांसाठी निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं, ते एकदम पुसलं गेलं. पहिल्या आठवड्यात दोन जण रडकुंडीला आले होते. माझ्या बायकोने मास्कला मधे जाड प्लॅस्टिकची खिडकी शिवून दिली, वाफ धरायची तरी ओठ दिसायचे. प्रत्येक मशीनवर पाटी आणि खडू ठेवला.

आमच्याकडे सगळंच जमलं, असं चित्र उभं करायचं नाही. बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा आम्ही घेतला होता. तो तीन महिन्यांत गेला. त्याला एकाच माणसाने रोज तेच काम त्याच क्रमाने द्यायला हवं होतं, आणि आमच्याकडे शिफ्ट बदलली की माणूस बदलायचा. तो घाबरून जायचा. त्याच्या वडिलांनी आमचे आभार मानले, ते ऐकवलं नाही. अशा मुलांना सांभाळून घेणारं शॉप जिल्ह्यात एखादं जरी असेल तरी ते शोधून काढावं. मला तिथे जाऊन शिकायचं आहे.

आणखी एका माणसाबद्दल लिहायचं आहे, कारण ‘वंचित’ म्हटलं की आपण दिव्यांगांपाशीच थांबतो. आमच्याकडे पाच वर्षं एक जण वेल्डिंगला होता, तो शिक्षा भोगून सुटून आलेला. वेल्डिंग तो कारागृहातच शिकला होता. नाशिकरोड कारागृहातल्या बंद्यांनी घडवलेल्या गणेशमूर्ती आपण दरवर्षी हौसेने घरी आणतो. पण तोच हात सुटून गेटवर काम मागायला आला की आपण पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतो. शेठनी त्याला ठेवला, फक्त मला आणि अकाउंटंटला माहीत होतं. पुरस्कार समितीने विचारलं असतं तरी शेठनी त्याचं नाव दिलं नसतं. हे असंच असायला हवं. चांगल्या मालकाकडे सांगण्यासारखं बरंच असतं, पण माणसाची लाज राखायची म्हणून तो सांगत नाही. त्यामुळे शोधायला जावं लागेल, अर्ज मागवून भागणार नाही. आणि गेल्यावर कामगाराला एकट्याला भेटावं, मालक आणि सुपरवायझर दोघंही बाहेर. कर्णबधिर कामगार असेल तर दुभाषा बरोबर न्यावा, आणि तो कंपनीचा नसावा. निवड करणाऱ्यांत निदान दोघं स्वतः दिव्यांग कामगार असावेत. ते शॉपमध्ये शिरले की आधी संडासाकडे जातील.

पुरस्कार म्हणून काय द्यावं, यावरही बोलतो. शालीने शेठच्या शॉपचं काही होत नाही. त्याला लागतं काम. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आम्हा व्हेंडरांना दर महिन्याला मार्क देतात. दहा लाखांत किती तुकडे खराब गेले तो पीपीएम, माल वेळेवर पोचला का, भाव किती. त्या मार्कांवर पुढची ऑर्डर ठरते, वर्षाअखेरीस बेस्ट व्हेंडर निघतो. त्या कागदात एक रकाना वाढवा, तुमच्याकडे तीन वर्षांहून जास्त टिकलेले दिव्यांग किंवा इतर वंचित कामगार किती? पाच मार्क ठेवा त्याला. सहा महिन्यांत अख्ख्या एमआयडीसीत उतार बांधले जातील, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पाच मार्कांसाठी आम्ही रात्र रात्र फाइली रंगवलेल्या आहेत. सरकारलाही हे जमण्यासारखं आहे. केंद्राच्या खरेदी धोरणात लघुउद्योगांकडून २५ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आहे, त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. मालक कोण हे तिथे बघितलं जातं, ते योग्यच आहे. कामाला कोण आहे हेही बघावं. महापालिका आणि जिल्हा परिषदांनी आपल्या बाकड्यांच्या, रॅकच्या, कचराकुंड्यांच्या खरेदीत त्याची सुरुवात केली तर कुणी अडवणार नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणं आहे. पुढच्या ३ डिसेंबरला सत्काराच्या बातमीबरोबर एक चौकट द्या. सत्कार झालेल्या प्रत्येक आस्थापनात दिव्यांग कामगार किती, त्यातले कायम किती, सर्वांत जुना किती वर्षं नोकरीत आहे आणि आज तो कुठल्या कामावर आहे. चार उत्तरं. आपला बातमीदार फोनवर विचारू शकेल.

आणि त्या वहीबद्दल. आमच्या शॉपमधल्या चौसष्ट खुणांची वही माझ्याकडे आहे. पानं तेलकट झालीत, पण चित्रं स्पष्ट आहेत. तिची झेरॉक्स काढून मी सोमवारी आपल्या कार्यालयात आणून ठेवतो. ज्या शॉपला कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी कामावर घ्यायची आहे आणि बोलायचं कसं म्हणून मालक अडलेत, त्यांनी येऊन न्यावी. शेवटची तीन पानं कोरी ठेवली आहेत, त्यांच्या शॉपच्या खुणा त्यांनी त्यात काढाव्यात.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर
सातपूर, नाशिक